वाट सोडायची मुभा

"मी मराक तयार होतंय, पण होडी सोडूक नाय!" सोमा तांडेल म्हणाले आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की न्यायमूर्तींच्या पुढ्यातला पाण्याचा पेला हिंदकळला. "तसाच सांगितलंय मी कॅप्टनाक. नेतलंस तर होडीसकट ने, नायतर तू तुझ्या वाटेन जा!"

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीतली ती लवादाची खोली. एसी इतका गार की लवू तारीने बाहेरच्या बाकावर बसूनसुद्धा टॉवेल खांद्याभोवती लपेटून घेतला होता. टाइप करणाऱ्या मुलीने डोकं वर करून तांडेलमामांकडे कौतुकाने पाहिलं. समोरच्या बाजूचे वकील दस्तूर, पांढऱ्या मिशांचे लाघवी पारशी गृहस्थ, तेही हसले.

"वा तांडेल, वा. म्हणजे शिडी खाली आली होती. माणसं वर जाऊ शकत होती. पण तुम्हाला होडी वाचवायची होती. बरोबर ना?"

"बरोबर म्हणजे? शंभर टक्के!"

"आणि कॅप्टनसाहेबांनी ती वाचवली."

"वाचवल्यानी तर! देवमाणूस तो. दुसरो असतो तर माणसा उचलून गेलो असतो. हेणा माझी होडी वाचवल्यान."

दस्तूरांनी पेनाला टोपण लावलं. "मला आणखी काही विचारायचं नाही."

मामा ऐटीत मागे रेलले आणि भिंतीकडेच्या खुर्चीत बसलेल्या कॅप्टन मिनेझिसकडे बघून त्यांनी मान डोलावली, जसं काही सांगत होते की बघ, फेडले की नाही तुझे उपकार. कॅप्टनही थोडा हसला. आमच्या, म्हणजे कॅप्टनच्या बाजूच्या वकील रणदिवेबाई मात्र समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत बसल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मामांना.

सोमा तांडेल म्हणजे माझे सासरे. देवगडच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमची वस्ती. 'दर्याभवानी' हा ट्रॉलर त्यांचा, तो हाकणारे तांडेलही तेच, त्यावरचं इंजिन माझ्या ताब्यात आणि खणातली, म्हणजे होडीच्या पोटातली मासळी लवू तारी आणि त्याच्या तीन भावबंदांच्या ताब्यात. लग्नाआधी मी काही वर्षं परदेशी बोटींवर इंजिनरूममध्ये होतो, त्यामुळे गावात इंग्रजी कागद कुणाला आला की तो माझ्याकडे यायचा आणि मीही दोन ओळी समजल्या तरी चार सांगायचो. जावई हा दशमग्रह म्हणतात. पण मामांनी मला कधी वक्री म्हटलं नाही. उलट चारचौघांत "आमचो वासू" म्हणताना त्यांचा आवाज चढायचा.

आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही वादळात सापडलो होतो. इंजिनात पाणी गेलं, सुकाणू मोडलं, फळ्या उसवल्या. तिथून कोळशाचं एक मोठं जहाज चाललं होतं. त्याचा कॅप्टन हा कायतान मिनेझिस, मडगावकडचा. त्याने वाट सोडली, आमच्यापाशी आला, शिडी सोडली. पुढे काय झालं ते गावाला मामांच्या तोंडून पाठ होतं. तांडेलाने होडी सोडायला नकार दिला, कॅप्टनाने तांडेलाची हिंमत बघून टोपी काढली आणि आमची होडी दोराने बांधून किनाऱ्याच्या आडोशाला आणून सोडली. टोपीचा भाग मामांनी नंतर घातला होता. पुढच्या नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ सोडायचा मान गावाने त्यांना दिला.

आणि त्या होडीपायी कॅप्टन वर्षभर घरी बसला होता.

ते जहाज एका व्यापारी कंपनीने भाड्याने घेतलेलं होतं. अशा भाडेकराराला चार्टर पार्टी म्हणतात. लवूला हे ऐकून मुंबईत आपल्याला जेवण असणार असं वाटलं होतं आणि त्याने इस्त्रीचा शर्ट आणला होता. करारात एक कलम होतं की वाटेत कुणाचा जीव वाचवायला जहाजाने वाट सोडली तर चालेल. एरवी अशा कलमात जीव आणि मालमत्ता असे दोन्ही शब्द असतात म्हणे. इथे भाडेकरूने घासाघीस करून 'मालमत्ता' खोडायला लावला होता. आमची होडी ओढत नेण्यात जहाजाचा उशीर झाला, बंदरातली पाळी चुकली, कोळशाविना कुणाचा तरी कारखाना थंड पडला. भाडेकरू म्हणाला, माणसं उचलून निघाला असतात तर आमचं काही म्हणणं नव्हतं, लाकडाची होडी ओढत बसलात हा करारभंग. जहाजाचे मालक म्हणाले, मग हे कॅप्टनचं पाप. निकाल विरुद्ध गेला असता तर मिनेझिसला पुन्हा कुठल्या जहाजावर कुणी उभं केलं नसतं. म्हणून रणदिवेबाई एवढ्या लांब आमच्या गावात आल्या होत्या आणि मामा साक्षीला यायला एका पायावर तयार झाले होते. बाईंनी त्यांना काही शिकवलं नाही. खरं ते सांगा, एवढंच म्हणाल्या. मामांना वाटलं, आपल्याला स्तुती करायला बोलावलंय. आणि आमच्याकडे होडी वाचवली यापेक्षा मोठी स्तुती नाही. माणसं काय, आज ना उद्या जायचीच.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेरच्या लांब व्हरांड्यात उभे राहिलो. बाईंनी वडापाव मागवले होते. लवू आपल्या बाकावरच खात बसला. त्याची साक्ष दुपारी होती, तोवर त्याला आत यायची परवानगी नव्हती. बाई मामांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तांडेलमामा, तुम्ही सकाळी जे बोललात ना, त्याने कॅप्टन हरले."

मामांनी घास तोंडाशी धरून ठेवला. "मी तर तेंका देवमाणूस म्हटलंय!"

"होडी वाचवली म्हणालात. होडी म्हणजे मालमत्ता. जीव वाचवायची मुभा होती, मालमत्ता वाचवायची नव्हती."

"होडी मालमत्ता?" मामा खरोखरच गोंधळले. "बाय, होडी माझी आवस आसा."

"करारात आई नाही हो मामा. एक तर जीव, नाहीतर वस्तू." बाईंचा आवाज चिडका झाला होता, मग त्यांनी तो खाली आणला. "माणसांना वर घेणं शक्यच नव्हतं, होडी ओढल्याशिवाय जीव वाचत नव्हते, असं असतं तर गोष्ट वेगळी. तसं काही होतं का? तुम्हीच तर सांगितलंत की नव्हतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वडापावच्या कागदाकडे पाहिलं.

बाई कॅप्टनकडे वळल्या. तो दोन पावलांवर उभा होता. "कॅप्टन, शेवटचं विचारते. तुम्ही जहाजाच्या ब्रिजवरून सगळं बघत होतात. लॉगबुकात तुम्ही लिहिलंत, तांडेल होडी सोडायला राजी नाही. एवढंच होतं? दुसरं काही कारण दिसलं तुम्हाला?"

मिनेझिस उंचापुरा माणूस. वर्षभर घरी बसून पोट सुटलं होतं आणि कोट तंग झाला होता. त्याने मामांकडे पाहिलं, मामांनी त्याच्याकडे. मग तो बाईंना म्हणाला, "ना बाई. दुसरें कांयच ना."

बाई निघून गेल्या. मामांनी उरलेला वडा कागदात गुंडाळला आणि मला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं.

"वासू, ह्यो माका दिललो शब्द पाळता रे. आणि बुडता."

मला माहीत होतं. आम्ही आडोशाला पोचलो, समुद्र निवळला, तेव्हा मामा आणि मी आभार मानायला जहाजावर गेलो होतो. तिथे मामांनी कॅप्टनपुढे हात जोडले होते. "काय दिसला ता हयच रवांदे." कॅप्टन म्हणाला होता, "मका एक तांडेल आनी ताची होडी दिसली. आनीक कांय दिसूंक ना." आणि तसंच त्याने लिहूनही टाकलं. ते वाक्य आता दस्तूरांच्या हातात होतं.

"काय करूया?" मामा म्हणाले.

त्या वेळी मी जे बोललो ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. "मामानू, झाकली मूठ आसा. वर्षभर झाकली, आता कित्याक उघडतास? ही कंपनी-कंपनीची भांडणा. निस्तरतले ते. भायर लवू बसलोहा, उद्या गावात जावचा आसा आमका."

"खरा तुझा," मामा म्हणाले. "तू शाणो आसस." आणि ते जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले.

दुपारी सगळे बसल्यावर रणदिवेबाई लवूला बोलवा म्हणणार एवढ्यात मामाच उठले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मामांना टोपीशिवाय मी घरातसुद्धा क्वचित पाहिलं होतं.

"साहेब, माका परत बोलूचा आसा."

दस्तूरांनी हरकत घेतली, गोड शब्दांत. न्यायमूर्ती म्हातारे होते, त्यांची आई वेंगुर्ल्याकडची, मालवणी त्यांना नीट समजायची. त्यांनी मामांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बसा. बोला."

"बसत नाय. हुबोच बरो." मामांनी घसा खाकरला. "सकाळी सांगितलंय ता खोटा. शिडी इली ही गोष्ट खरी. मी वर बगलंय. शिडी लाटेबरोबर भायर जाय आणि परत येवन जहाजाच्या अंगार आपटी. माझे पाय गेले. हुबो रवाक जमना नाय. इतकी वर्सा तांडेलकी केलंय, असा कधी झाला नव्हता. वासू शिडयेर चढलो, दोन-तीन पायऱ्यो गेलो. मी तेचो पाय धरलंय. 'माका सोडून जाव नको' म्हटलंय. रडलंय साहेब. आवशीक हाका मारलंय. होडयेचा नावसुद्धा नव्हता माझ्या तोंडात."

टाइपरायटर थांबला होता. कॅप्टन मिनेझिस अर्धवट उठला. "सर, हाची गरज ना. तांडेल, बस जालें..."

"बसा कॅप्टन," न्यायमूर्ती म्हणाले. "तांडेल, होडीवरची बाकीची माणसं कुठे होती?"

मामांच्या हातातली टोपी चुरगळत होती. मला वाटलं, आता ते थांबतील. इथपर्यंत पुरे होतं. भ्यायले, रडले, म्हातारा माणूस, कुणीही समजून घेतलं असतं.

"खणात. लवू आणि ते तिघे. हातपंप मारी होते. भायरचा तेंका काय दिसना नव्हता, वाऱ्यात ऐकाक पण येय नव्हता. खणाचा झाकण मी लावून घेतललंय आणि तेच्यार आडवो पडललंय."

"पाणी आत जाऊ नये म्हणून?"

"गावात तसाच सांगितलंय." मामांनी मान खाली घातली. "तेंनी वर येव नये म्हणान. वर इले असते तर तांडेल रडताना दिसलो असतो."

माझ्या कानशिलांना घाम आला होता, त्या गार खोलीत. मला माझी लाज वाटत नव्हती, त्यांची वाटत होती. आपल्या माणसाचं नेसूचं भर बाजारात सुटावं आणि आपल्याला ते सावरता येऊ नये, तशी. हात धरून त्यांना बाहेर न्यावं असं वाटत होतं.

दस्तूर सावकाश उठले. त्यांचा आवाज अजूनही गोडच होता. "तांडेल, सकाळी तुम्ही शपथेवर एक सांगितलं. मग कॅप्टनच्या वकिलांबरोबर वडापाव खाल्ला. आणि आता अगदी उलट. आम्ही खरं कुठलं मानायचं?"

"सकाळचा गावासाठी होता. सांगून सांगून माकाच खरा वाटाक लागला होता. आताचा खरा."

"हे पाहिलं कुणी?"

"कॅप्टनानी. पण ते सांगूचे नाय, तेंनी शब्द दिलोहा. आणि माझ्या जावयान."

न्यायमूर्तींनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. शपथ घेताना माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. रणदिवेबाईंनी विचारलं, तुमचे सासरे सांगतात ते खरं का? मी हो म्हणालो. ते शिडी चढू शकत होते का? नाही. तुम्ही कॅप्टनला काय सांगितलंत? मी सांगितलं की मी खाली उतरलो आणि ब्रिजकडे बघून दोन्ही हात हलवले, ओरडलो, "जमणा नाय, म्हातारो चढूक शकना नाय." मग वरून दोर आला. आम्ही तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला बांधला, होडी जहाजाच्या मागे लागली आणि थोड्या वेळाने मामा उठून बसले.

मग दस्तूर. "तुम्ही शिडी चढलात. म्हणजे धडधाकट माणसाला चढता येत होती."

"हो."

"ते चौघे धडधाकट होते?"

"हो."

"त्यांना शिडी आलीय हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"होडी बुडाली असती तर त्यांना कळायच्या आत..."

"पुरे, मिस्टर दस्तूर," न्यायमूर्ती म्हणाले. "मुद्दा माझ्या लक्षात आला." मग चष्मा काढून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कॅप्टनला वरून काय दिसलं, प्रश्न तेवढाच आहे. त्याला एक माणूस दिसला, ज्याला वर घेता येत नव्हतं. त्याला टाकून जा असं कुठलाही करार सांगू शकत नाही."

तिथेच केस संपली म्हणायची. लेखी निकाल पुढे काही महिन्यांनी आला, कॅप्टनच्या बाजूने. त्याला जहाज मिळालं. पुढे दर नाताळाला त्याचं कार्ड मामांच्या नावाने यायचं, कधी ब्राझीलहून, कधी आणखी कुठून, आणि ते मी वाचून दाखवायचो.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

लवूची साक्ष आता नकोच होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा तो बाकावर इस्त्रीच्या शर्टाची घडी सांभाळत ताठ बसला होता. "माझो लंबर इलो काय?" त्याने विचारलं.

मी पुढे झालो. "चल लवू, झाला सगळा. कॅप्टन जिंकलो. चाय पिऊया." मला वाटलं, एवढ्यावर भागेल. आतलं आत राहील. न्यायमूर्ती काही आमच्या गावात येणार नव्हते.

मामांनी मला हाताने बाजूला सारलं आणि ते लवूशेजारी बाकावर बसले. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. शिडी आली होती. मी भ्यायलो. वासूचा पाय धरला. झाकणावर आडवा पडलो. तुम्हाला वर येऊ दिलं नाही. आत सांगताना त्यांचा आवाज कापला होता, लवूला सांगताना कापला नाही. माणूस घरच्याला घरची गोष्ट सांगतो तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चुकलंय रे लवू. तुझ्या पोरांच्या तोंडार बगूक लाज वाटता. वर्षभर वाटता."

लवू काळा, आडव्या हाडाचा माणूस. त्याचा राग सबंध बंदराला ठाऊक होता. एकदा जाळ्यावरून भांडण झालं तेव्हा त्याने वल्हं मोडलं होतं, ते समोरच्याच्या पाठीवर. मी मध्ये पडायच्या तयारीत उभा राहिलो. तो खाली मान घालून आपल्या हातांकडे बघत राहिला. त्या दिवशी पंपाने त्याच्या तळव्यांची सालटं निघाली होती. दोन्ही पोरं तेव्हा त्याची लहान, तिसरं पोटात.

मग तो उठला, पाण्याच्या पिंपाकडे गेला, पेला भरून आणला आणि मामांच्या हातात दिला.

"पिया," तो म्हणाला. "भियालास म्हणान काय झाला? दर्या आसा तो. मी पण खणात भियाललंय. काळोखात होतंय म्हणान कोणाक दिसला नाय, इतक्याच."

मामा पाणी प्यायले आणि त्यांना रडू आलं. लवू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मनात आलं, सुटलो. म्हाताऱ्याची अब्रू गेली तर खरी, पण निदान आपल्याच माणसाच्या ओटीत गेली.

तेवढ्यात लवूने माझ्याकडे पाहिलं.

"वासू, तू तर शिडी चढललंस."

"व्हय."

"म्हणजे तू भियाललंस नाय."

"तसो मी..."

"मामांचे पाय गेले. तेंची मती गेली. ता मी समाजतंय. तुझे पाय बरे होते, डोक्या बरा होता. खाली उतरलंस, कॅप्टनाक हाक मारलंस." तो अगदी शांतपणे बोलत होता, एखादा हिशोब जुळत नाही म्हणून विचारावं तसा. "मगे आमका कित्या हाक मारलंस नाय?"

"मामा झाकणार पडलले..."

"म्हाताऱ्याक एका हातान बाजूक करता इला असता तुका."

व्हरांड्यात माणसं जात-येत होती. रणदिवेबाई दारात कॅप्टनशी बोलत होत्या, हसत होत्या. मी उत्तर शोधत होतो आणि ते शोधायची गरज नव्हती, ते मला त्या दिवसापासून पाठ होतं. मी झाकणाकडे पाहिलं होतं. आतून पंपाचा आवाज येत होता, खट-खट. माझ्या मनात आलं होतं की हे झाकण उघडलं तर चार खलाशी तांडेलाला असं बघतील, लुंगी सुटलेला, नाकातोंडातून गळत, आईला हाका मारताना. सासरा माझा. मग मी त्याच्या घरी कसा जेवायला बसणार, तो बंदरावर कसा उभा राहणार? आमच्यात जावयाने सासऱ्याचं उघडं पडू द्यायचं नसतं. तेवढा विचार करण्याइतका मी शुद्धीवर होतो.

"मामांची अब्रू..." मी म्हणालो.

लवूने मान हलवली, समजल्यासारखी. मग विचारलं, "आणि होडी फुटली असती तर? चार प्रेतांका काय सांगितलं असतंस? मामांची अब्रू?"

मामा बाकावरून म्हणाले, "लवू, तेका काय बोला नको. तेना माझ्यासाठी केल्यान."

"ताच म्हणतंय मी," लवू म्हणाला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरायला लागला.

गावात ती हकिगत मामांनी स्वतःच सांगितली, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर. लोक चार दिवस हसले. पोरं त्यांना बघून "शिडी इली, शिडी इली" ओरडायची, मामाही मग हसायला लागले. त्यांचं काही गेलं नाही. उलट पूर्वी लोक त्यांना मान द्यायचे, आता जवळ येऊन बसायला लागले. खलाशी चारही राहिले.

मला कुणी काही म्हटलं नाही. हंगाम सुरू होताना बर्फ भरायला मी ट्रॉलरवर चढलो, तेव्हा लवू आणि ते तिघे धक्क्यावर उभे राहिले, चढले नाहीत. भांडले नाहीत, उभे राहिले एवढंच. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वासू," ते म्हणाले, "बर्फाच्या कारखान्यात माणूस व्हयो म्हणत होते. तू थयचा बघ." मी उतरलो. ते चढले. अजून मी बर्फाच्याच कारखान्यात आहे. आता तो माझा आहे.

मामा गेले त्याला आता दहाएक वर्षं होतील. शेवटचे काही महिने अंथरुणावर होते. लवू रोज संध्याकाळी यायचा, त्यांचे पाय चेपून द्यायचा, गप्पा मारायचा, माझ्याशीही पाऊसपाण्याचं बोलायचा. एकदा माझा एक मुंबईचा पाहुणा त्यांना बघायला आला. मामांनी मला जवळ बोलावलं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि त्याला सांगायला लागले. जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट होते.

"ह्यो माझो जावय. मोठो गुणाचो. दर्यात हेणा माझी अब्रू राखल्यान."

पाहुणा कौतुकाने माझ्याकडे बघत होता. पायथ्याशी लवू खाली मान घालून मामांचे पाय चेपत होता. त्याने हात थांबवला नाही आणि वरही पाहिलं नाही.